चहा न घेणारी लाईन

किटली पुन्हा भरलेलीच परत आली. बबनमामांनी ती माझ्या टेबलावर, सॅम्पलच्या सदऱ्यांपासून हातभर अंतरावर, जरा जोरातच ठेवली.

"सर, वास घेऊन बघा. दूध नासलंय का? साखर कमी हाय का? मग ह्या बाया चहाला शिवत का न्हाईत?"

बबनमामा आमच्या कॅन्टीनचा चहा करतात. त्यांच्या चहाला कोणी नाही म्हटलेले मी कधी पाहिले नव्हते. मी झाकण उचलले. आल्याचा वास आला. चहात काही खोट नव्हती.

"कोणत्या लाईनवरून परत आला?" मी विचारले.

"वरच्या, हातशिलाईच्या. बाकीच्या लायनी पित्यात की. ह्या म्हणत्यात, आमचा बहिष्कार हाय. आता माझ्यावर कसला बहिष्कार? मी काय इंग्रज हाय?"

मला हसू आले. हसू लपवण्यासाठी मी खाली पाहिले, पण मनातून मी सुखावलो होतो. बहिष्काराची गोष्ट त्या बायकांना मीच सांगितली होती.

आमचे युनिट न्हावरे फाट्याच्या पुढे, चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. परदेशी ऑर्डरचे कपडे आम्ही शिवतो. मी क्वालिटी विभागाचा प्रमुख आहे. शिवलेला कपडा बायरने, म्हणजे परदेशातल्या ग्राहकाने, सांगितल्याबरहुकूम उतरला आहे की नाही, हे पाहणे माझे काम. गेल्या हंगामात आमच्याकडे एक वेगळी ऑर्डर आली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे होत असल्याने तिकडच्या एका गावातले लोक त्या काळचा पोशाख करून मिरवणार होते. तो पोशाख आम्ही शिवायचा होता. कापड लिननचे, म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूंचे. इलॅस्टिक नाही, चेन नाही, प्लॅस्टिकचे बटण नाही. दिसणारी प्रत्येक शिवण आणि प्रत्येक काज हाताने घातलेले हवे.

ऑर्डरबरोबर टेक पॅक येतो. कपड्याची मापे, चित्रे, धाग्याचा जाडपणा, टाके कुठे आणि कसे, हे सर्व त्यात असते. या ऑर्डरच्या टेक पॅकबरोबर बायरच्या डिझायनरबाईंनी त्या काळच्या लोकांविषयी बरेच लिहून पाठवले होते. कपडा कोण घालत असे, तो घालून काय काम करत असे, हे शिवणाऱ्याला ठाऊक असावे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले. शनिवारी शेवटचा अर्धा तास ट्रेनिंगचा असतो. त्या वेळात मी तो मजकूर मराठी करून वाचून दाखवू लागलो.

हातशिलाईच्या लाईनवरच्या बायका न्हावरे, इनामगाव आणि केडगाव भागातून येत. त्यांतल्या दोघींची ओळख आधीच करून देतो. शालन न्हावऱ्याची. घरी ऊस, कांदा, गोठ्यात गाई. तिची जीभ सुईपेक्षा वेगाने चाले. दुसऱ्या मार्था साळवे, केडगावच्या. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी असेल. मिशनच्या आवारात वाढलेल्या, तिथेच आत्याकडून हातशिलाई शिकलेल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. ती आत्या आता अंथरुणाला खिळलेली होती आणि दोघींचेच घर होते. कंपनीची बस त्यांच्या दाराजवळून सुटे. सकाळी आत्याचे सर्व आवरून त्या बसमध्ये चढत आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत पोचत. ती बस होती म्हणून ती नोकरी जमत होती. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, आणि मी ते ऐकलेही होते.

ट्रेनिंगचे ते अर्धे तास मला फार आवडत. पुरुषांचा सदरा गुडघ्यापर्यंत लांब असे, दिवसा तोच अंगात आणि रात्री झोपायलाही तोच, असे मी सांगितले. शालन लगेच म्हणाली, "मग आमच्या मालकांचं आन् त्यांचं एकच खानदान असंल." बायकांच्या घागऱ्याला खिसा नसे. कापडाची पिशवी नाडीने कमरेला बांधून आत सोडत आणि घागऱ्याच्या फटीतून हात घालत. ते चित्र पाहून मार्थाबाई म्हणाल्या, "आमच्या आत्याची अस्सल अशीच आहे. तिच्यात सुपारी, अडकित्ता आणि दाराची किल्ली. अजून कोणाला हात लावू देत नाही." साबण घरी करायचा, मेणबत्त्या घरी ओतायच्या, सूत घरी कातायचे. दोन समुद्रांपलीकडचे ते घर त्यांना मुळीच परके वाटले नाही.

मग एका शनिवारी चहाची गोष्ट आली. इंग्रज सरकारने तिथल्या लोकांना न विचारता कर बसवले. लोकांनी इंग्रजी माल घेणे सोडले. बायकांनी विलायती कापड टाकून घरी कातलेल्या सुताचे कपडे घातले आणि चहा बंद केला.

"चहा लई महाग झाला आसंल," शालन म्हणाली.

"नाही. उलट स्वस्त झाला होता. राग होता तो न विचारता कर बसवल्याचा."

"मग चहा सोडून पित काय हुत्या?"

"पुदिन्याचा काढा. रानातल्या झुडपांची पाने उकळून."

"ह्याला बहिष्कार म्हंत्यात व्हय? आमच्या सासूबाई पडसं आलं की रोज बहिष्कार घालत्यात."

सगळी लाईन हसली. मग मी बॉस्टनच्या बंदरातली हकिकत सांगितली. काही पुरुषांनी तोंडाला काजळी फासली, अंगावर घोंगड्या घेऊन तिथल्या आदिवासींचे सोंग केले, जहाजांवर चढले आणि चहाच्या पेट्या फोडून समुद्रात ओतल्या.

मार्थाबाईंनी काजावरची नजर न काढता विचारले, "काजळी कशाला?"

"ओळखू येऊ नये म्हणून."

"मग कोण कोण होतं, ते सापडलं?"

"फारसे नाही. गावाला ठाऊक असणार. पण कोणी बोलले नाही."

"शहाणं गाव," त्या म्हणाल्या आणि दाताने धागा तोडला.

हातशिलाई सावकाश होते. टार्गेट मागे पडू लागले. आमचे जीएम, म्हणजे युनिटचे सर्वांत वरचे अधिकारी, नवे होते. पुण्याहून आलेले, वागायला सभ्य, आवाज न चढवणारे. प्रॉडक्शन मीटिंगमध्ये त्यांनी विचारले की वरच्या मजल्यावरच्या बायका इतक्या वेळा खाली का जातात. बाथरूम खाली, शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. सुपरवायझरने ते सांगितले. जीएमनी उपाय काढला. त्या लाईनसाठी एक पास. पास म्हणजे लाकडाची एक छोटी पट्टी, सुपरवायझरच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगलेली. जिला जायचे तिने ती न्यायची. ती परत येईपर्यंत दुसरीने उठायचे नाही.

मी त्या मीटिंगमध्ये होतो. माझ्या हातात काजांचे सॅम्पल होते आणि मी टाक्यांतले अंतर पाहत होतो. हा प्रॉडक्शनचा विषय आहे, असे मी मनाशी म्हटले. पुढे काय होईल याचा विचार करायला मला दोन मिनिटेही लागली नसती. ती दोन मिनिटे मी दिली नाहीत.

पास सुरू झाल्यावर काही दिवसांतच किटली भरलेली परत येऊ लागली. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, हे मला सुचले नाही. माझ्या गोष्टीचा हा परिणाम आहे, अशी माझी खात्री झाली होती. गंमत म्हणून, खेळ म्हणून, पण बायकांनी ती मनावर घेतली होती. मी जीएमना ते हसत सांगितले.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "ब्रेकही लवकर संपत असेल मग."

मी डिझायनरबाईंना मेल केला. तुमच्या मजकुराने आमच्या बायका इतक्या भारावल्या आहेत की त्यांनी चहा सोडला आहे, असे लिहिले. त्यांचे उत्तर लगेच आले. त्यांना अतिशय आनंद झाला होता. फोटो मिळेल का, असे त्यांनी विचारले होते. मी वर गेलो, बायकांना उभे केले आणि प्रत्येकीच्या हातात रिकामा कप उपडा धरायला दिला. शालनने दोन कप दोन्ही हातांत धरून नाचाची पोज घेतली. मार्थाबाई सर्वांत मागे उभ्या राहिल्या.

"पुढे या ना," मी म्हणालो.

"इथंच बरी आहे, सर."

"चहाची आठवण येत नाही का?"

"घरी गेल्यावर पिते की," त्या म्हणाल्या.

फोटो चांगला आला. तिकडच्या गावातल्या समितीला तो फार आवडल्याचे मला कळवण्यात आले. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुसून टाकावा असे अनेकदा वाटते. पण पुसल्याने माझीच सोय होईल, म्हणून ठेवला आहे.

एप्रिलचे ऊन पत्र्यावर तापत होते. एका दुपारी इनामगावची मंगल, त्या वर्षीच लग्न होऊन आलेली मुलगी, सुई हातात असतानाच बाजूच्या बाईच्या खांद्यावर कलंडली. आम्ही तिला न्हावऱ्याच्या दवाखान्यात नेले. मार्थाबाई बरोबर आल्या. डॉक्टरांनी सलाईन लावले. मग बाहेर येऊन मला विचारले, "तुमच्या कंपनीत प्यायला पाणी नाही का?"

"भरपूर आहे. कूलर आहे."

"मग ही पीत का नाही? लघवीचं इन्फेक्शन झालंय. ताप आहे. बरेच दिवस अंगावर काढलंय."

डॉक्टर आत गेले. मी आणि मार्थाबाई बाहेरच्या बाकावर बसलो. त्या समोर रस्त्याकडे पाहतच म्हणाल्या, "सर, तुमची गोष्ट चांगली होती. पण आम्ही चहा त्यापायी नाही सोडला."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"एकच पास आहे. एक खाली जाऊन वर येईस्तोवर बाकीच्यांनी बसायचं. तिघी-चौघी थांबलेल्या असतात. सुपरवायझर पुरुष. त्याच्यासमोर खिळ्याकडं सारखं बघायचं कसं? म्हणून पाणी कमी केलं. चहा घेतला की जावंच लागतं. म्हणून चहा आधी बंद."

"मग बहिष्कार म्हणून का सांगितले?"

"बबनमामांना काय सांगायचं होतं? त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. शालनला तुमचं आठवलं, ती बोलून गेली. सगळ्या हसल्या. लाज झाकली गेली."

"पण फोटोच्या वेळी तरी मला सांगायचे."

"तुम्ही फार खुशीत होता, सर," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला ते ऐकणे सोपे गेले असते.

त्या संध्याकाळी शिरूरला घरी परतताना मी ठरवले की हा प्रश्न उद्याच्या उद्या सोडवायचा. मनात अपराधीपणा असला की माणूस घाई करतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

सकाळी मी वर गेलो, तर लाईनने माझ्या आधीच ठरवले होते.

"सर, आम्ही समद्या जातो जीएमकडं," शालन म्हणाली. "आत्ता, ह्याच टायमाला. एक बी मागं ऱ्हाणार न्हाई."

"सगळ्या नको. गोंधळ होईल."

"हू द्या की. गोंधळच घालायला चाललोय."

"शालन, ऐका. सगळ्या एकदम बोलतात तेव्हा समोरच्याला काहीच ऐकू येत नाही. एकीने जायचे, नीट मुद्दा मांडायचा. मी बरोबर येतो. अशा गोष्टी अशाच सुटतात."

मी हे मनापासून सांगितले. तीस वर्षे मी असेच काम केले आहे. बायरची तक्रार आली की एक माणूस उत्तर देतो. ऑडिट आले की एकच जण बोलतो. दहा जण बोलले तर तो विभाग कच्चा समजला जातो. मला माहीत असलेली काम करण्याची एकमेव चांगली पद्धत मी त्यांना दिली.

"मग कोण जाईल?" कोणीतरी विचारले. कोणी पुढे झाले नाही.

"मार्थाबाई, तुम्ही चला," मी म्हणालो.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "माझं एकटीचं नाव लागेल, सर."

"लागले तर चांगल्यासाठीच लागेल. मी आहे ना."

"आपल्याला काय, सर म्हणत्यात तर," शालन पुटपुटली. "पण आमच्यात म्हशी बी पाण्याला एकट्या जात न्हाईत."

बायका हसल्या. मीही हसलो. मार्थाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्यामागून जिना उतरल्या.

जीएमच्या केबिनमध्ये मी त्यांची ओळख करून दिली. माझे वाक्य मला शब्दशः आठवते. "सर, या मार्था साळवे. आपल्या हातशिलाईच्या लाईनच्या खऱ्या लीडर. बायका यांचे ऐकतात." मला त्यांचा मान वाढवायचा होता.

"अच्छा," जीएम म्हणाले. त्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "बोला, मार्थाताई."

मार्थाबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच, आवाज न चढवता, त्यांनी सर्व सांगितले. पास, वाट पाहणे, पाणी, मंगलचा ताप. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या घरी असा पास असता, तर तुमच्या मिसेसनी काय केलं असतं?"

जीएमचा चेहरा उतरला. ते खरोखर ओशाळले होते. तो माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाचणाऱ्याला सोपे उत्तर हवे असते.

"हे मला आधी कोणी का सांगितलं नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले. मग ते मार्थाबाईंकडे वळले. "आजपासून पास बंद. आणि त्या मुलीचा दवाखान्याचा खर्च कंपनी करेल. ठीक आहे, ताई?"

"ठीक आहे," मार्थाबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी मागे राहिलो. जीएम म्हणाले, "बरं केलंत, प्रॉपर चॅनेलनं आणलंत. सगळी लाईन खाली आली असती तर हेड ऑफिसला कळलं असतं." मी मान हलवली. त्या दिवशी किटली रिकामी परत आली आणि बबनमामांनी मला मलई जास्त असलेला कप आणून दिला. मी तो चवीने घेतला.

माल वेळेत गेला. बायरचा अभिप्राय उत्तम आला. हातशिलाईची लाईन बंद करून त्या बायकांना मशीनच्या लाईनवर घ्यायचे ठरले. आमच्याकडे बहुतेक बायका कॉन्ट्रॅक्टरमार्फत येतात. कोणाला ठेवायचे आणि कोणाला उद्यापासून येऊ नका म्हणायचे, हे कॉन्ट्रॅक्टर सांगतो. पण त्याला कोणीतरी सांगितलेले असते. मी त्या आठवड्यात पुण्याला दुसऱ्या बायरच्या इन्स्पेक्शनला गेलो होतो. परत आलो तेव्हा शालन जिन्यात भेटली. नेहमी ती आधी हसे, मग बोले. या वेळी हसली नाही.

"सर, तुमच्या लीडरला घरी बसवलं."

"कोणाला?"

"आणि कोण? आमच्यातली तुम्ही लीडर एकच केली हुती."

मी तसाच केबिनमध्ये गेलो.

"हातशिलाईची ऑर्डर संपली," जीएम शांतपणे म्हणाले. "त्यांना मशीनची सवय नाही."

"मंगललाही नाही. तिला ठेवले आहे. बाकी सगळ्यांना ठेवले आहे. फक्त या एकट्याच का?"

त्यांनी पेन खाली ठेवले. "हे बघा. त्यांची त्या दिवशीची मागणी रास्त होती. मी मान्य केली. पण उद्या मागणी रास्त नसेल, आणि बायका त्यांच्या मागे उभ्या राहतील. तुम्हीच म्हणालात, बायका त्यांचं ऐकतात."

"मी ते कौतुकाने म्हणालो."

"हो ना. आणि मी ते इन्फर्मेशन म्हणून घेतलं."

मी म्हणालो, त्यांच्या कामाबद्दल मी लेखी देतो. "द्या, फाईलला लावतो," ते म्हणाले. मी दिले. त्यांनी लावले. पुढे काही झाले नाही. राजीनामा द्यावा, असा विचार त्या रात्री माझ्या मनात आला आणि सकाळी मी नेहमीच्या वेळेला कामावर गेलो. त्याबद्दल मी स्वतःला अनेक कारणे दिली आहेत. ती इथे लिहिण्याच्या योग्यतेची नाहीत.

त्या काळात मला सारखे वाटत राहिले की अडीचशे वर्षांपूर्वीची ती माणसे काजळी फासून का गेली, हे मी वाचले होते, मराठी केले होते, मोठ्याने सांगितले होते. मार्थाबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला होता. मी उत्तरही बरोबर दिले होते. मग त्याच बाईंचा हात धरून मी त्यांना उघड्या चेहऱ्याने, नावासकट, साहेबांच्या समोर नेऊन उभे केले.

महिन्याभराने, एका रविवारी, मी केडगावला गेलो. प्रार्थना संपून लोक घरी परतत होते. मार्थाबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, आतून खुर्ची आणली.

"आत्या कशा आहेत?" मी विचारले, कारण दुसरे काही विचारण्याचे धैर्य नव्हते.

"दौंडला आहे. माझ्या चुलतभावाकडं."

"बरे नाही का?"

"आहे तशीच आहे. मला रांजणगावला पॅकिंगचं काम मिळालं. त्यांची गाडी चौफुल्याला येते, पहाटे. परत यायला अंधार होतो. एवढा वेळ तिला एकटं कसं ठेवणार? भाऊ घेऊन गेला. मी रविवारी जाते. आज दुपारच्या गाडीनं निघेन."

दाराआड आत्यांची खाट दिसत होती. गादी गुंडाळून उशाला ठेवली होती.

"जाताना रडल्या का?"

"नाही. कमरेची पिशवी चाचपली. किल्ली काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, आता तूच सांभाळ."

मी क्षमा मागितली. शब्द आधी जुळवून नेले होते. ते बोलताना मला स्वतःलाच फार नीटनेटके वाटले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"तुम्ही माझं वाईट करायला गेला असता, तर मी तुमच्याशी भांडले असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही चांगलं करायला गेलात. मी भांडू तरी कोणाशी, सांगा."

"मी दुसरीकडे, शिरूरमध्ये एका ओळखीच्या युनिटला शब्द टाकू का?"

"नको, सर." आता त्या किंचित हसल्या. "तुम्ही माझं नाव आता कुठं घेऊ नका."

मी निघालो. त्यांनी मूठभर शेंगा कागदात बांधून दिल्या. मी नको म्हणालो नाही. त्यांना आणखी एक नकार ऐकवावा असे वाटले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचा एक मोठा पंखा बिघडला. चालू केला की खडखडे आणि वारा काहीच देत नसे. एका सकाळी सुपरवायझरने सांगितले की वर कुरबुर चालली आहे. मी वर गेलो. बायका माना खाली घालून मशीन चालवत होत्या.

"पंख्याची तक्रार आहे, असे कळले. कोणाची आहे?" मी विचारले.

कोणी मान वर केली नाही. मशिनी चालूच राहिल्या. शालन म्हणाली, "कुणाची न्हाई, सर. पंखाच म्हणत हुता."

"काय म्हणत होता?"

"म्हणत हुता, मी दमलोय, मला बदला. आम्ही काय, ऐकलं फक्त."

एकीने दाबून हसल्याचा आवाज आला. मी खाली गेलो आणि जीएमना पंखा बदलायला हवा असे सांगितले.

"कोण म्हणतंय?"

"पंखा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी कोणाचेही नाव घेतले नाही. पंखा आठवड्याने बदलला. माझ्या आजवरच्या नोकरीत असे असंबद्ध रिपोर्टिंग मी कधी केले नव्हते, आणि कोणत्याही ट्रेनिंगमध्ये मी ते शिकवणार नाही. पण त्या वेळी एकाही बाईचे काम गेले नाही.